भाड्याच्या घरातली कसर

श्रावणात, गणपतीला तीन आठवडे उरले असताना, अण्णांची आरत्यांची वही काढण्यासाठी मी झोपण्याच्या खोलीतले भिंतीतले कपाट उघडले. अण्णा म्हणजे माझे वडील. टपाल खात्यात असताना बदलीच्या गावी एकटे राहत होते, तेव्हा रोज संध्याकाळी बसून त्यांनी ही वही भरली, तिला खाकी कागदाचे कव्हर घातले आणि स्टोव्हवर शिजवलेल्या कणकेच्या खळीने ते पुठ्ठ्याला चिकटवले. मी वही हातात घेतली तेव्हा त्या खाकी कागदाचा वरचा थर जागोजागी खरवडल्यासारखा निघून गेला होता, कडा कुरतडल्या गेल्या होत्या, आणि पहिले पान उलटताच शिवणीच्या घडीतून एक रुपेरी किडा निघाला, माझ्या मनगटावरून खाली उतरला आणि कपाटाच्या फळीखाली दिसेनासा झाला. आत पाहिले तर चौदाव्या पानावर, आमच्या गावच्या देवीच्या आरतीत, अर्धी ओळ नव्हती. शाई पुसट झाली असती तर प्रकाशात धरून वाचता आली असती, पण तिथे कागदच उरला नव्हता.

ही आरती कोणत्याही छापील संग्रहात सापडत नाही. अण्णांनी ती आजीच्या तोंडून ऐकून उतरवून घेतली होती आणि आजीला जाऊन आता तीस वर्षे होतील. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचे आठ-दहा महिने मी या किड्याच्या मागे होते, आणि त्या काळात जे हाताला लागले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण भाड्याच्या घरात राहणाऱ्या पुष्कळ जणांकडे हा किडा असतो आणि त्यावर सांगितले जाणारे बहुतेक उपाय घर आपल्या मालकीचे आहे असे धरून सांगितलेले असतात. भिंत फोडा, कपाट काढून टाका, सगळीकडे वॉटरप्रूफिंग करा, असे कोणी सांगितले तर अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाने त्यातले काय करायचे?

आमच्याकडे या किड्याला कसर म्हणतात. "पुस्तकांना कसर लागली" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण लोखंडाला गंज चढतो तशी कागदाला कसर लागते, अशीच माझी कितीतरी वर्षे समजूत होती. त्या शब्दामागे चालणारा, खाणारा, अंडी घालणारा एक जीव आहे हे डोळ्यांसमोर येत नसे. हल्ली सिल्व्हरफिश हेच नाव जास्त चालते. लोकरीच्या कपड्यांना लागते तिलाही आपण कसरच म्हणतो, पण ती एका बारीक पतंगाची अळी असते आणि तिचे उपाय वेगळे आहेत. कागदाचे नुकसान कोणी केले हे ओळखायला फार वेळ लागत नाही. वाळवी आली तर मातीचे अस्तर आणि मातीच्या नळ्या दिसतात. पुस्तकातला भुंगेरा टाचणीने पाडल्यासारखी गोल भोके पाडून पानांच्या आरपार जातो. कसर मात्र पृष्ठभाग चरत जाते, म्हणजे कागद आधी पातळ होतो, मग त्याला वेड्यावाकड्या कडांचे भोक पडते, आणि आसपास मिरीच्या बारीक पुडीसारखी विष्ठा, फिकट पिवळे डाग आणि टाकून दिलेल्या पारदर्शक काती सापडतात. अण्णांच्या वहीत हे सगळे होते.

पहिले पंधरा दिवस मी सगळे चुकीचे केले. झुरळांसाठी आणलेला फवारा कपाटात मारला. त्याने समोर आलेले दोन किडे मेले आणि वहीच्या शेजारच्या दोन पुस्तकांवर तेलकट डाग पडले. मग पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावले. त्यांनी स्वयंपाकघरात ओट्याखाली जेल लावले, न्हाणीघराच्या कडेने औषध मारले, वर्षभराच्या कराराचा कागद हातात दिला आणि भिंतीतले कपाट रिकामे करायला सांगितलेही नाही. मग डांबरगोळ्या आणल्या. त्याच सुमारास धाकटी बहीण तिचे दोन महिन्यांचे बाळ घेऊन राहायला यायची होती. तिने बाळाच्या डॉक्टरांकडे सहज विषय काढला, तर त्यांनी कपाटातल्या आणि दुपट्यांमधल्या सगळ्या गोळ्या आधी घराबाहेर काढायला सांगितल्या. ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थलिनमुळे फुटू शकतात, तीव्र कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता बहुतेक आईवडिलांना आधी माहीत नसते. आपल्याकडे बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवणे किती सर्रास चालते हे लक्षात घेता मला ही गोष्ट कसरीपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते आणि म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवते. शिवाय या गोळ्यांचा वास हवाबंद पेटीत साठला तरच त्याचा कीटकांवर काही परिणाम होतो; सतत उघडझाप होणाऱ्या कपाटात तो आपल्याच नाकात जातो.

खरी दिशा मिळाली ती काचेच्या बरणीमुळे. कसर खरखरीत भिंतीवर सहज चढते, पण गुळगुळीत काचेवर तिचे पाय टिकत नाहीत. लोणच्याच्या रिकाम्या बरणीला बाहेरून तोंडापर्यंत मास्किंग टेप गुंडाळायचा, आत चमचाभर कणीक टाकायची आणि झाकण न लावता बरणी रात्री कोपऱ्यात ठेवून द्यायची. टेपवरून किडा वर चढतो, कणकेच्या वासाने आत उतरतो आणि त्याला बाहेर येता येत नाही. मी अशा पाच बरण्या केल्या आणि घरात पाच ठिकाणी ठेवल्या. पहिल्या सकाळी भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या बरणीत सात किडे होते, पोटमाळ्यावरच्या बरणीत चार, न्हाणीघराच्या दाराशी दोन, हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात एकही नाही. स्वयंपाकघरात औषध मारून गेलेल्या माणसांना हे माहीत असते तर बरे झाले असते असे मला तेव्हा तीव्रतेने वाटले.

त्यातला एक किडा मी भिंग घेऊन बराच वेळ पाहिला. लांबी अर्ध्या इंचाच्या आतबाहेर, डोक्याकडे रुंद आणि शेपटीकडे निमुळता होत गेलेला, गाजरासारखा आकार. पुढे दोन लांब मिशा आणि मागे शेपटीसारखे तीन बारीक तंतू, त्यांतला एक सरळ आणि दोन बाजूंना फाकलेले. पंख नाहीत. तो काचेच्या कडेशी येई, पुढचे पाय वर टेकवी, घसरे, आणि पुन्हा कडेकडेने फिरू लागे. त्याला टिशू पेपरने उचलताना बोटाला राखाडी, चमकणारी भुकटी लागली. ते त्याच्या अंगावरचे खवले. याच खवल्यांमुळे तो माशासारखा चमकतो आणि याच खवल्यांमुळे कोळ्याच्या किंवा मुंगीच्या तावडीतून निसटतो, कारण पकडणाऱ्याच्या तोंडात खवले राहतात आणि किडा पुढे पळतो. १६६५ साली इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या गोष्टींची चित्रे आणि वर्णने प्रसिद्ध केली, त्यांत पिसू आणि उवेबरोबर हा रुपेरी पुस्तककिडाही आहे. हूक यांच्या काळातल्या कागदाला जे लागले तेच अण्णांच्या वहीला लागले, हे वाचल्यावर माझा राग थोडा कमी झाला.

त्याच्याविषयी जे वाचले त्यातल्या काही गोष्टींनी उपायांची दिशाच बदलली. हा किडा चावत नाही, रोग पसरवत नाही. त्याला पिष्ट लागते, म्हणजे खळ, कांजी, पुठ्ठ्याचा गोंद, पुस्तकाच्या बांधणीतली चिकट खळ, कागदाला गुळगुळीतपणा देणारा लेप. शिवाय केस, कोंडा, मेलेले कीटक आणि स्वतःची टाकलेली कात यांवरही तो भागवतो. अन्नाशिवाय तो कित्येक महिने तग धरतो. इतर कीटकांपेक्षा वेगळी गोष्ट अशी की पूर्ण वाढ झाल्यावरही तो आयुष्यभर कात टाकत राहतो, आणि ते आयुष्य दोन-तीन वर्षांचे, कधी त्याहूनही अधिक असते. अंडी फटीत घातली जातात आणि ती फुटायला थंडी-उष्म्यानुसार दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणून एकदा फवारून विषय संपत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे त्याला ओल हवी असते. ७५ टक्क्यांच्या वरची आर्द्रता त्याला मानवते, आणि पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या हवेत ती बहुतेक दिवस आयतीच मिळते. मी एक छोटे आर्द्रतामापक यंत्र मागवले. भाद्रपदातल्या एका न पावसाच्या दुपारी हॉलमध्ये त्याने ६९ दाखवले आणि भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ८८.

आता त्या कपाटाविषयी. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. हे कपाट मालकांच्या सुताराने भिंतीच्या कोनाड्यात प्लायवूड ठोकून केलेले आहे आणि त्याच्या मागची भिंत न्हाणीघराची आहे. भाड्याच्या घरात आपण कपाटाच्या पाठीचे प्लाय कधी काढून पाहत नाही, कारण ते आपले नाही आणि डिपॉझिटमधून काय कापले जाईल याची धास्ती असते. मी एका कोपऱ्याचे दोन खिळे सैल करून टॉर्च मारला तेव्हा मागे भिंतीचे पोपडे सुटून ढीग झाला होता, प्लायवर बुरशीची राखाडी साय धरली होती, आणि टॉर्चच्या प्रकाशात दहा-बारा रुपेरी रेघा एकदम खाली धावल्या.

पोटमाळ्यावरच्या चार किड्यांचे कारण मात्र मालकांच्या भिंतीत नव्हते, आमच्या सवयीत होते, आणि मला वाटते हीच गोष्ट भाडेकरूंनी सर्वांत आधी पाहावी. आम्ही गेल्या नऊ वर्षांत चार घरे बदलली. दर वेळी सामान हलवल्यावर पुठ्ठ्याची खोकी चपटी करून माळ्यावर टाकली, कारण अकरा महिन्यांनी करार वाढेल की नाही याची खात्री नसते आणि पुढच्या वेळी खोकी विकत घ्यावी लागू नयेत असे वाटते. मिक्सरचे खोके, टीव्हीचे खोके, वाण्याकडून आणलेली बिस्किटांची खोकी, सगळी जपून ठेवलेली. नागमोडी पुठ्ठ्याचे थर पिष्टाच्या गोंदानेच चिकटवलेले असतात, आणि त्या नागमोडी पोकळ्या कसरीला राहायला अगदी बेताच्या मापाच्या असतात. म्हणजे घर आणि जेवण दोन्ही आम्हीच माळ्यावर रचून ठेवले होते. एका खोक्याचा थर फाडून पाहिला तर आत पोकळीपोकळीत काती होत्या. मागच्या घरातून कसर आमच्याबरोबरच आली की इथल्या भिंतीतून खोक्यांत गेली, हे आता ठरवता येणार नाही. आम्ही एका रविवारी सगळी खोकी खाली आणली आणि रद्दीवाल्याला दिली. सासूबाईंना ते पटले नव्हते. "परत घर बदलायची वेळ आली तर?" असे त्या विचारत होत्या, आणि त्यांची शंका रास्त होती. आम्ही झाकणाचे सहा प्लास्टिकचे मोठे डबे घेतले. त्यात चादरी आणि जुनी कागदपत्रे राहतात, आणि घर बदलताना तेच उचलून नेता येतील.

भिंतीसाठी मालकांशी बोलणे भाग होते. मालक वयस्कर आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. फोनवर मी म्हटले, "काका, कपाटामागची भिंत ओली आहे, पोपडे सुटलेत, आणि कसर झालीय." ते म्हणाले, "अहो ताई, पावसात ठाण्यात कोणाची भिंत कोरडी असते? दिवाळीनंतर आपोआप वाळेल." मी वाद घातला नाही. त्यांना टॉर्चमध्ये काढलेले फोटो पाठवले, यंत्रावरचे आकडे पाठवले, आणि प्लाय सडले तर कपाट बदलायला किती खर्च येईल तेही आमच्या ओळखीच्या सुताराला विचारून कळवले. किड्याची तक्रार मालकाला भाडेकरूची किरकिर वाटते, पण स्वतःचे फर्निचर सडते आहे हे दिसले की ऐकण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "हे तर मला कोणी सांगितलंच नव्हतं."

आधी सगळ्यांचा संशय वरच्या मजल्यावर होता. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरची भिंत आणि सार्वजनिक पाइप यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते आणि सदनिकांच्या आतल्या न्हाणीघर-संडासाच्या गळतीचा खर्च संबंधित सदस्यांनी करायचा असतो. भाडेकरू हा सदस्य नसल्यामुळे त्याने सेक्रेटरींकडे कितीही फेऱ्या मारल्या तरी अर्ज मालकाच्या सहीनेच जावा लागतो. आम्हाला सुदैवाने तिथपर्यंत जावे लागले नाही. प्लंबरने वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या जाळीत, रंगाचे पाणी सोडून दोन दिवस वाट पाहिली, आमच्या भिंतीत रंग उतरला नाही. दोष आमच्याच न्हाणीघरात होता. शॉवरखालच्या टाइल्सच्या सांध्यांतले व्हाइट सिमेंट झिजून गेले होते आणि रोजच्या अंघोळीचे पाणी तिथून भिंतीत मुरत होते. सांधे खरवडून, आठवडाभर कोरडे राहू देऊन, इपॉक्सी ग्राउट भरले. तो आठवडा आम्ही शेजाऱ्यांकडे अंघोळीला गेलो. खर्च काकांनी दिला. कपाटाचे मागचे प्लाय काढून टाकून भिंत उघडी वाळू देण्याची परवानगीही त्यांनी दिली आणि ती मी मोबाइलवर लिहून घेतली. परवानगी लेखी घ्यावी. घर सोडताना दोन्ही बाजूंच्या आठवणी वेगळ्या होतात.

भिंत वाळायला पुढचे अडीच महिने लागले. त्या काळात औषध म्हणून मी एकच गोष्ट वापरली, ती म्हणजे बोरिक पावडर, जी आपल्याकडे कॅरमवर टाकायला घरोघर असते. तिचा ढीग टाकायचा नाही. ढीग दिसला की किडा वळसा घालून जातो. रंगाच्या कोरड्या ब्रशने फटीत आणि फळीच्या मागच्या कडेला दिसेल न दिसेल इतका पातळ थर द्यायचा, म्हणजे तो किड्याच्या पायांना आणि अंगाला लागतो, अंग साफ करताना पोटात जातो आणि काही दिवसांत तो मरतो. रांगते मूल किंवा मांजर-कुत्रे असेल तर ही पावडर त्यांच्या तोंडाहाताला लागेल अशा ठिकाणी अजिबात वापरू नये. बाळ आमच्याकडे होते तोपर्यंत मीही ती वापरली नाही, फक्त बरण्यांवर भागवले. कपाटात कॅल्शियम क्लोराइडच्या, हवेतले पाणी ओढून घेणाऱ्या डब्या ठेवल्या. पहिल्या डबीत अकरा दिवसांत पेलाभर पाणी जमले. न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा अंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवू लागलो आणि जी कपाटे सुटी होती ती भिंतीपासून चार बोटे पुढे ओढली.

सासूबाईंच्या सुती साड्यांचे नुकसान मला उशिरा कळले. त्या धुऊन, कडक खळ देऊन, इस्त्री करून साड्या ठेवतात, आणि पावसाळ्यात त्या साड्या महिनोन् महिने घडीतच राहतात. दोन साड्यांच्या घड्यांच्या कडांवर बारीक भोकांची रांग होती. आता ज्येष्ठात ठेवणीच्या साड्या बिनखळीच्या धुऊन ठेवायच्या आणि नेसायच्या आदल्या दिवशी खळ द्यायची, असे आम्ही ठरवले आहे. त्यांनी कपाटात वेखंडाच्या कांड्या पुरचुंडीत बांधून ठेवल्या. जुन्या पोथ्यांमध्येही वेखंड ठेवत असत. वेखंडाच्या वासाने कसर किती पळते याचा बरण्यांवरून मला काही निष्कर्ष काढता आला नाही, पण ज्या घरांत वेखंड बदलण्याच्या निमित्ताने दरवर्षी पोथ्या बाहेर निघत, झटकल्या जात, वारा खात आणि बासनात पुन्हा घट्ट बांधल्या जात, त्या घरांतल्या पोथ्या टिकल्या, यावर माझा विश्वास आहे. कितीतरी हस्तलिखितांच्या शेवटी पोथी स्वतःच बोलते असा एक संस्कृत श्लोक असतो. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला सांभाळ, असे ती म्हणते. त्यातले सैल बांधणीचे कारण मला अण्णांच्या वहीमुळे समजले. पाने जिथे सैल होती तिथेच किडा शिरला होता.

त्या वहीचे काम मात्र भिंत वाळण्याची वाट पाहत थांबवता येणार नव्हते. पानांच्या घडीत अंडी असतील तर कोणतेही औषध न लावता ती मारण्याचा सर्वांत चांगला मार्ग थंडीचा आहे, आणि संग्रहालयांतही तो वापरतात. वही पातळ सुती कापडात गुंडाळली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून टाकली, तोंड टेपने बंद केले, वर दुसरी पिशवी घातली आणि घरच्या फ्रीजरमध्ये, जिथे उणे १८ अंशांच्या आसपास तापमान असते, पंधरा दिवस ठेवली. आरतीची वही मासळीच्या खणात जाणार म्हणून सासूबाईंना अवघडल्यासारखे झाले होते, पण श्रावण असल्यामुळे फ्रीजर तसा रिकामाच होता. त्यांनी तो स्वतः सोडा लावून पुसला, त्यात एक स्वच्छ स्टीलची ताटली ठेवली आणि तिच्यावर वही ठेवायला सांगितली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. गार वस्तूवर बाहेरच्या हवेतले पाणी जमते, ते पिशवीवर जमू द्यायचे आणि चोवीस तासांनी उघडायचे. मी दीड दिवस थांबले. मग गॅलरीत, सावलीत, मऊ ब्रशने एकेक पान झटकले. उन्हात ठेवले नाही, कारण अण्णांची निळी शाई आधीच फिकी झाली आहे.

त्यानंतर प्रत्येक पानाचा फोटो काढला. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावण्याचा मोह मी आवरला. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो. दिवाळीनंतर वही बाजारपेठेजवळच्या एका जुन्या बाइंडरकडे नेली. त्यांनी पुठ्ठा बघितला, नखाने थोडी खळ खरवडली आणि विचारले, "घरी केलेली ना ही? मोरचूद नाही घातलं." बांधणीच्या खळीत शिजवताना चिमूटभर मोरचूद, म्हणजे निळे, विषारी कॉपर सल्फेट घालायचे, म्हणजे तिला कीड धरत नाही, हे त्यांच्या धंद्यात प्रत्येकाला ठाऊक असते. अण्णांना बदलीच्या गावी मोरचूद कुठून मिळणार, आणि खायच्या भांड्यात ते शिजवले तरी असते का! बाइंडरांनी जुने खाकी कव्हर टाकून न देता नव्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवून दिले. त्यावर अण्णांच्या अक्षरात वहीची तारीख आहे.

बरण्यांचा हिशेब मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहीत होते. भाद्रपदात आठवड्याला वीस-बावीस, दिवाळीपर्यंत आठ, मार्गशीर्षात दोन, आणि माघात पहिला रिकामा आठवडा आला. उन्हाळाभर एकही नव्हता. या जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा एक लहानसा सापडला, न्हाणीघराच्या दाराशी, त्यामुळे एक बरणी तिथे कायमची ठेवली आहे. कपाटातला आकडा आता भर पावसातही ७० च्या वर जात नाही. काकांनी करार वाढवून दिला.

राहिली ती अर्धी ओळ. वही फ्रीजरमध्ये होती त्या पंधरवड्यात मी चिपळूणला आत्याला फोन केला. तिला आता कमी ऐकू येते, म्हणून तिच्या सुनेने फोन स्पीकरवर टाकला आणि मी आरती पहिल्यापासून म्हणत गेले. तुटलेल्या जागी मी थांबले, तर आत्या न थांबता पुढे म्हणत गेली, दोन शब्द, आजीच्या चालीत, आणि मग शेवटच्या कडव्यापर्यंत एकटीच म्हणत राहिली. मी ते शब्द कागदावर टिपून घेतले. वही बाहेर काढल्यावर चौदावे पान भिंगाखाली धरले. भोकाच्या वरच्या कडेला एका दुसऱ्या वेलांटीचे टोक वाचले होते, निळ्या शाईचा केसाएवढा कंस, आणि आत्याने सांगितलेल्या दुसऱ्या शब्दात नेमकी त्याच जागी दुसरी वेलांटी येत होती.